तू हललीस

"तू हललीस," बाबा म्हणाले.

"मी नाही हलले."

"हललीस. हे बघ, अख्खा पक्षी पुसला गेलाय."

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एक काळा फराटा होता. तो म्हणे पाणकावळा. मी उजवा खांदा पुढे करून खुंटासारखी उभी होते, खांद्यावर बाबांची ती लांबलचक लेन्स, श्वास रोखून माझा जीव घाबरा झालेला, आणि तरी हलले मीच! या हिवाळ्यात माझ्या खांद्यावरून त्यांनी जेवढे फोटो काढले तेवढे सगळे हलले, आणि दर वेळी गुन्हेगार मी. थंडीनं दोघंही कुडकुडत असायचो, खरं कोण हलतंय ते कोण ठरवणार? बाबा ठरवणार. दवाखान्यातही तेच ठरवतात.

आम्ही दोघंही दातांचे डॉक्टर. दवाखाना बाबांचा, दोन खुर्च्यांचा. खिडकीजवळची त्यांची, भिंतीकडची माझी. मी वरच्याच दोन खोल्यांत राहते आणि रविवारी आईबाबांकडे जेवायला जाते. म्हणजे जायचे. यंदा थंडी पडायला लागली आणि बाबांना हे पक्ष्यांचं खूळ लागलं, तेव्हापासून रविवारची सकाळ समुद्राकाठी जाते. आई दारातच सांगते, "जा ग त्यांच्याबरोबर, दगडांवरून एकटे चालतात." स्वतः मात्र येत नाही. शहाणी आहे.

पण रविवारचं एक वेळ सोडा. माझा खरा राग होता तो सोमवार ते शनिवारचा. हे खूळ लागल्यापासून बाबांनी दवाखान्यातून अंगच काढून घेतलं होतं. पेशंट आला की खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचा, तोंड बघायचं, मुलाबाळांची चौकशी करायची, आणि मग मान वळवून मला हाक. "अक्कलदाढ आहे, जरा वाकडी. तू काढ." मूळ साफ करायचंय? तू कर. टाके? तूच घाल, तुझे सुबक येतात. आणि स्वतः मग हात कोटाच्या खिशात घालून खिडकीतून कुठला पक्षी दिसतो का ते बघत उभे! संध्याकाळी माझी पाठ धरलेली, मान आखडलेली, आणि हे विचारतात, "रविवारी ओहोटी सकाळी आहे. येतेस ना?" अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आणि त्यातच माझं ते प्रकरण. जबड्याच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घ्यायला मला लांबच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जागा मिळाली होती. दोनदा नाकारली गेले होते, तिसऱ्यांदा निवड झाली. दोन वर्षं तिकडेच राहायचं. येणार की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं, नाहीतर जागा पुढच्या माणसाला. आणि बाबांना मी अजून एक अक्षर बोलले नव्हते. कसं बोलणार? दोन खुर्च्यांचा दवाखाना, दोन्ही खुर्च्यांचं काम माझ्या गळ्यात. मी गेले तर हे सगळं कोण ओढणार? पण नाही गेले तर मी जन्मभर भिंतीकडच्या खुर्चीत बसून "तू कर, तू कर" ऐकत म्हातारी होणार. मला जायचं होतं. अगदी जीव टाकून जायचं होतं. आज सांगायचंच, असं ठरवून मी बूट घातले होते.

"बाबा, मला तुमच्याशी जरा..."

"श्श!"

झालं. बंधाऱ्यावरून पुढे निघालो. हा दगडी बंधारा खाडीच्या तोंडापर्यंत जातो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला ओहोटीनं उघडा पडलेला चिखल. चिखलावर तुतारी पक्ष्यांचे थवे पळत होते, चोची खुपसत, एकाच वेळी सगळे वळत. हिवाळा सरत आला होता, थोड्या दिवसांत हे सगळे पाहुणे निघून जाणार, म्हणून बाबांची घाई. वारा असा बोचरा की डोळ्यांतून आपोआप पाणी. आभाळ राखाडी, समुद्र राखाडी, चिखल राखाडी. या रंगाचे फोटो माणसाला कशाला हवेत, देव जाणे.

बंधाऱ्याच्या मध्यावर तोफवाला बसला होता. त्याचं नाव मला ठाऊक नाही. त्याची तोफेएवढी लेन्स बघून तोफवाला हे नाव मीच ठेवलंय. तिथे त्याचं छोटं स्टूल असतं, गुडघ्यांवर शाल असते आणि तोंडावर अतिशय समाधानी हसू असतं.

"काय डॉक्टर, मिळाला का तुमचा खंड्या?"

"मिळेल," बाबा म्हणाले.

"मला काल मिळाला. मासा चोचीत. बघायचाय?"

बघायचा नव्हता, पण त्यानं दाखवलाच. निळा रंग असा झळझळीत, माशाच्या खवल्यांवरचा थेंब न् थेंब दिसत होता. बाबांनी मान डोलावली आणि ओठ आवळले. मला त्यांचा पाणउतारा झालेला आवडला नाही. मी त्यांच्यावर चिडलेली होते, पण चिडायचा हक्क माझा, या शालवाल्याचा नाही.

"शटरचा स्पीड वाढवा डॉक्टर," तो म्हणाला. "तुमचे फोटो हलतात."

"ही हलते," बाबांनी माझ्याकडे बोट न करताच सांगितलं. हात खिशातच होते.

"तिकाटणं आणलंय ना बरोबर? मग मुलीला कशाला त्रास?"

"कधीपासून तेच म्हणतेय!" मी म्हटलं.

बंधाऱ्याच्या टोकाशी चिखलात एक जुना लाकडी खांब रोवलेला आहे, पूर्वी होड्या बांधायचे तिथे. त्या खांबावर खंड्या येऊन बसतो. बाबांची सगळी हिवाळाभराची मोहीम या एका खांबावर. तिकाटणं मीच खांद्यावरून वाहून आणलं होतं, मीच त्याचे पाय दगडांच्या फटीत नीट बसवले, कॅमेरा मीच वर चढवला. बाबा मागे उभं राहून हुकूम सोडत होते. "डावीकडे. अजून. आता बस." मग डोळा लावून त्यांनी खांबावर नेम धरला आणि आम्ही वाट बघत बसलो.

"चहा ओत," बाबा म्हणाले. "अर्धाच. वाऱ्यानं सांडतो."

ओतला. थर्मासही मी ओतायचा! घरी आई, इथे मी, दवाखान्यात मी. माणसानं किती लाडावून घ्यावं? कप त्यांनी दोन्ही हातांत धरला, हातमोज्यांसकट, आणि तोंड कपाकडे नेलं.

"बाबा, ऐका. मला एक महत्त्वाचं सांगायचंय. दवाखान्याबद्दल."

"उद्या त्या मास्तरीणबाईंचं कवळीचं माप आहे. तू घे."

"कवळी गेली खड्ड्यात! मला..."

"आला!"

खंड्या खरंच आला होता. खांबावर, निळाशार, इवलासा, पाण्याकडे टक लावून. बाबांनी कप माझ्या हातात कोंबला, कॅमेऱ्यावर वाकले, काहीतरी दाबलं आणि सरळ उभे राहिले. हात परत खिशात. मी बघतच राहिले. पक्षी बसलाय, कॅमेरा तयार आहे, आणि हा माणूस खिशात हात घालून शेजारी उभा! मनात म्हटलं, आता तरी काढा की! खंड्यानं एकदा शेपटी उडवली आणि सुर्रकन पाण्यात. त्यानंतर कॅमेरा वाजला, खट्.

पडद्यावर खांब आला. सुंदर, स्पष्ट, रेषा न् रेषा दिसणारा रिकामा खांब.

"गेला," बाबा म्हणाले.

"गेला नाही, तुम्ही घालवलात! केवढा वेळ बसला होता!"

"येईल परत."

परत आला. परत तेच. वाकले, दाबलं, हात खिशात, पक्षी भुर्र, खट्, खांब. तिसऱ्यांदाही खांब. मी मागचे फोटो चाळले तर काय, खांब, खांब, खांब, मधेच एक ढग, आणि पुन्हा खांब. हिवाळाभराचे खांब! पलीकडे चिखलात एक बगळा पाय रोवून उभा होता, लग्नात फोटोसाठी उभे राहतात तसा.

"तो बघा, हलतसुद्धा नाही. त्याचा काढा आणि चला घरी."

"बगळा कुणीही काढेल."

तिथे माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे यासाठी! या रिकाम्या खांबासाठी मी आठवडाभर दोघांचं काम उपसतेय, आणि संध्याकाळी त्या लोकांना "नाही" कळवायचा विचार करतेय! मी कप दगडावर आपटला आणि ताडताड पुढे जाऊन कॅमेऱ्याच्या समोरच उभी राहिले, खांबाच्या आणि त्यांच्या मधे.

"बाजूला हो, तो येतोय," कॅमेऱ्यावर वाकून काहीतरी दाबत बाबा म्हणाले.

"येऊ दे! नाही होणार बाजूला! सगळा दवाखाना माझ्यावर टाकलात, तोंडातून शब्द काढू देत नाही, कधीही बोलायला आले की श्श! मी काय तुमचं दुसरं तिकाटणं आहे? मला जागा मिळालीय बाबा, मोठ्या रुग्णालयात, दोन वर्षांची, आणि मी जाणार आहे! ऐकलंत? मी जाणार..."

कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला, लेन्सशेजारी, एक बारीकसा लाल दिवा लुकलुकत होता. सावकाश, मग भराभर. खट्.

हा दिवा मला चांगला ठाऊक होता. दवाखान्यात आम्ही पेशंटच्या दातांचे फोटो काढतो. एकटं असलं आणि पेशंटचा ओठ दोन्ही हातांनी ओढून धरायचा असला की कॅमेरा तिकाटण्यावर लावून हेच करतो. बटण दाबायचं, दिवा लुकलुकतो आणि थोड्या वेळानं फोटो आपोआप निघतो. आवाज बंद करता येतो, दिवा नाही. पण तो कॅमेऱ्याच्या पुढून दिसतो, आणि मी हिवाळाभर मागे उभी होते.

उडणाऱ्या पक्ष्याला कुणी असं वेळ लावून टिपतं का? सगळ्या जगात कुणी नाही. ज्याला बटणावर बोट ठेवून कॅमेरा स्थिर राहील याचा भरवसा नाही, तो सोडून.

मी बाबांकडे बघितलं. दोन्ही हात खिशात. मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली, दिसायला नकोशी. अर्धा कप. दोन्ही हातांत. "टाके तूच घाल." औषधाच्या चिठ्ठ्याही माझ्याकडूनच लिहून घ्यायचे, वर म्हणायचे, माझं अक्षर कुणाला लागत नाही.

"हात काढा," मी म्हटलं.

"थंडी आहे."

"बाबा, हात काढा बाहेर."

त्यांनी उजवा काढला. हातमोजा मी ओढला. हात शांत नव्हता; अंगठा आणि बोट एकमेकांवर घासल्यासारखे हलत होते, बाबांचं त्याकडे लक्षच नसल्यासारखे, आपले आपण. हाच हात. मी शिकत असताना याच हातानं माझ्या मनगटावर चापट्या मारल्या होत्या. हत्यार धरलेल्या हाताचं एक बोट आधी शेजारच्या दातावर टेकवायचं, म्हणजे हात घसरत नाही. बाबा त्याला टेकू म्हणतात. "आधी टेकू, मग हत्यार!" असं ओरडून त्यांनी माझी झोप उडवली होती.

"कधीपासून?"

"पावसाळा संपला तेव्हापासून. कंपवात आहे. गोळ्या चालू आहेत, डॉक्टर बरा आहे. तुझ्या आईला माहितेय."

"आईला माहितेय! आणि मला?"

"तुला कळलं असतं तर तू राहिली असतीस."

"अर्थात राहिले असते!"

"म्हणूनच," बाबा म्हणाले आणि हातमोज्यासाठी हात पुढे केला.

मी दिला नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. बाबाच बोलायला लागले. त्यांना त्या जागेचं, आजच्या मुदतीसकट, केव्हाच कळलं होतं. अर्जात काम करता त्या ठिकाणचा फोन द्या म्हटलं होतं, आणि मी, जगातली सगळ्यात हुशार मुलगी, दवाखान्याचा दिला होता! उचलला बाबांनी.

"त्यांनी विचारलं, तुमच्या या डॉक्टरचा हात कसा आहे. मी म्हटलं, माझ्यापेक्षा स्थिर आहे." बाबा किंचित हसले. "खोटं नाही बोललो."

"आणि मला एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाही?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

"मी सांगायला तोंड उघडलं की तुम्ही श्श म्हणायचात!"

"हो. ते जरा चुकलंच," ते म्हणाले. "सांगितलं असतंस तर मला हो म्हणावं लागलं असतं. एकेक रविवार पुढे ढकलत होतो झालं."

मग बाकीचंही बाहेर आलं. मी गेल्यावर माझ्या कॉलेजच्या वर्गातली एक उंच, मोठ्यानं हसणारी मैत्रीण खिडकीजवळच्या खुर्चीत बसणार होती. बोलणं झालेलं. मला तिनंही काही सांगितलं नव्हतं. सगळ्या जगाला माहीत, एक मी सोडून. आणि ते "तू कर, तू कर"? थंडी पडल्यापासून बाबांनी कुणाच्या तोंडात हत्यार घातलंच नव्हतं. एकदाही नाही. हात भरवशाचा नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून बंद. आणि मी कामचुकार म्हणत होते त्यांना, मनातल्या मनात, रोज.

"मी नाही जात," मी म्हटलं.

"झालं!" बाबांनी कपाळाला हात लावला, तो हलणाराच. "हेच नको होतं मला. इथे राहून काय करशील? मी कप सांडेन, तू पुसशील. मी परत सांडेन. त्यासाठी मी तुला शिकवलं का? इतक्या चापट्या मारल्या त्या यासाठी?"

"मग तुम्हाला असं टाकून जाऊ?"

"टाकून कसली जातेस? तुझी आई आहे, मी आहे, गोळ्या आहेत. दोन वर्षांनी येऊन माझाच जबडा दुरुस्त कर, तुझ्याशी भांडून खिळखिळा झालाय." मग त्यांनी कॅमेऱ्याकडे मान केली. "मघाचा बघ तरी."

पडद्यावर मी होते. तोंड वासून ओरडणारी, केस वाऱ्यानं उभे, डोळे बाहेर. मागे खांब. आणि काय सांगू, फोटो असा स्वच्छ आला होता की माझा दात न् दात मोजून घ्यावा.

"हिवाळ्यातला एकमेव चांगला," बाबा म्हणाले. "खालची डावी दाढ भरायला झालीय."

"बाबा!"

"श्श."

या वेळचं श्श वेगळं होतं. मी त्यांच्या नजरेच्या दिशेनं बघितलं. खंड्या खांबावर नव्हता. आमच्या अगदी जवळ, बंधाऱ्याच्या लोखंडी कठड्यावर येऊन बसला होता, दोन हातांवर. तिकाटणं उलट्या दिशेला तोंड करून उभं. ते वळवायला गेलो तर तो उडणार. बाबांनी कॅमेरा हळूच सोडवून घेतला.

"खांदा," ते कुजबुजले.

मी पाठ वळवली आणि खांदा दिला. लेन्स टेकली. मग त्यांनी हाताचं एक बोट माझ्या गळ्याच्या हाडावर टेकवलं, दातावर टेकवतात तसं, आणि जाकिटातून, लोकरीतून, मला ते कळलं. आजवर मी त्याला थंडी समजत होते, वारा समजत होते. मी श्वास रोखला. दगड झाले अगदी. दिवा नाही, वाट बघणं नाही. बोट बटणावर, खट्, खट्, खट्. खंड्यानं मान वळवून आमच्याकडे एकदा बघितलं, आणि पाण्यावरून सरळ रेषेत निघून गेला.

बाबांनी पडदा माझ्यासमोर धरला. निळा फराटा. त्याच्या पुढचा, निळा फराटा. तिसऱ्यातही निळा फराटाच, थोडा नारिंगी.

बाबा पडद्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"तू हललीस," ते म्हणाले.

हिवाळाभर या वाक्यावर माझं उत्तर तयार असायचं.

"हो," मी म्हटलं. "मीच हलले."

त्यांनी मान डोलावली. कॅमेरा गळ्यात अडकवला, डोळे पुसले, वारा होताच. तोफवाला लांबून हात हलवून विचारत होता, मिळाला का, मिळाला का. बाबांनी त्याला अंगठा वर करून दाखवला.

"आता फोन काढ," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत कळवायचंय ना? इथेच कळव. घरी गेलीस की तुझी आई रडेल आणि तू पुन्हा बदलशील."

मी फोन काढला. रुग्णालयाचं पत्र उघडलं, उत्तराची जागा आली, आणि माझा अंगठा काही त्या अक्षरांवर पडेना. थंडीनं असेल. एक अक्षर चुकलं, खोडलं, पुन्हा चुकलं.

"टेकू घे," बाबा म्हणाले, अगदी पूर्वीच्या त्या चिडक्या आवाजात. "किती वेळा सांगायचं?"

त्यांनी हात पुढे धरला. मी बोट त्यांच्या मनगटावर टेकवलं. मनगट हलत होतं. "मी येते" एवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं.